अबोल बालकांची वाचा : साडेचार शतकांची वाटचाल

मराठी भाषेत वाचेला मोठा मान आहे. दडपलेल्या दुःखाला कोणी शब्द दिले, की त्या दुःखाला ‘वाचा फुटली’ असे आपण म्हणतो. भीतीने माणसाची वाचा बसते. घरातील तान्हे मूल पहिला शब्द उच्चारते, तो दिवस साहजिकच सर्वांच्या लक्षात राहतो. आणि तो दिवस लांबत गेला, की घरात काळजी मुक्कामाला येते. दीड वर्ष होते, दोन वर्षे होतात; मूल हसते, खेळते, बोट दाखवून हवे ते मागते, परंतु बोलत नाही. मग आजी सहाणेवर वेखंड उगाळते आणि मधात कालवून नातवाच्या जिभेला लावते. वेखंडाचे संस्कृत नाव ‘वचा’ असे आहे, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. शेजारीण धीर देते : ‘जीभ जड आहे, सुटेल हळूहळू.’

या उपायामागे आणि या धीरामागे एकच समजूत उभी आहे. मूल बोलत नाही, त्याअर्थी दोष त्याच्या जिभेत असला पाहिजे. ही समजूत केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याने जिभेखालचा पडदा कापून जीभ मोकळी करण्याची शस्त्रक्रिया वर्णिली आहे, आणि त्यानंतरची कित्येक शतके युरोपात न बोलणाऱ्या मुलांच्या जिभेवर सुरी चालत राहिली. ज्याची जीभ खरोखरच बांधलेली होती, अशा एखाद्याला त्याचा उपयोगही झाला असेल. बाकीची मुले मात्र होती तशीच अबोल राहिली.

लहान मुलांच्या वाचोपचाराचा, म्हणजे आज ज्याला आपण ‘स्पीच थेरपी’ म्हणतो त्या विद्येचा इतिहास हा या एका समजुतीतून हळूहळू बाहेर पडण्याचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते. माणसाची नजर जिभेवरून कानाकडे, कानाकडून भाषेकडे आणि भाषेकडून मूल व त्याच्याशी बोलणारी माणसे यांच्यातील नात्याकडे वळण्यास साडेचारशे वर्षे लागली. या प्रवासात ख्रिस्तसभेतील मठवासी, धर्मगुरू आणि बिशप यांचा वाटा मोठा आहे. त्यांचे यश मोठे होते, तशीच त्यांची चूकही मोठी होती. त्या दोहोंची ओळख करून घेणे आपल्या वाचकांना अगत्याचे वाटेल.

ओन्याचा मठ

ख्रिस्ती वाचकाला या विषयाच्या संदर्भात संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय आठवल्याशिवाय राहणार नाही. दकापलीस प्रांतात प्रभू येशूकडे एका बहिऱ्या माणसाला आणले गेले. त्याच्या वाणीबद्दल मार्कने जो ग्रीक शब्द योजला आहे, त्याचा अर्थ ‘मुका’ असा नसून ‘कष्टाने बोलणारा’ असा आहे. येशूने त्याला गर्दीतून बाजूला नेले, आधी कानांना स्पर्श केला आणि मग जिभेला. ‘एफ्फाथा’ हा मूळ अरामी शब्द मार्कने तसाच जपून ठेवला, आणि बाप्तिस्म्याच्या विधीत कान व ओठ यांना स्पर्श करून तो शब्द उच्चारण्याची प्रथा ख्रिस्तसभेने पुढे चालवली. कान आधी, जीभ नंतर हा त्या प्रसंगातील क्रम आहे. दुर्दैवाने पुढील अनेक शतकांत हा क्रम कोणाच्या विशेष लक्षात आला नाही. उलट, श्रद्धा श्रवणातून येते हा संत पौलाचा विचार काहींनी इतका शब्दशः घेतला, की ज्याला ऐकू येत नाही त्याच्यापर्यंत श्रद्धा पोहोचणार कशी, असा प्रश्न निर्माण झाला. कायदाही तितकाच कठोर होता. सहाव्या शतकातील सम्राट जस्टिनियनच्या कायद्यानुसार जन्मतः बहिऱ्या व मुक्या माणसाला मृत्युपत्र करता येत नसे.

ही कोंडी प्रथम फोडली ती स्पेनमधील एका बेनेडिक्टाइन मठवाशाने. बुर्गोसजवळील ओन्या येथील सान साल्वादोर मठात पेद्रो पोन्से द लेऑन राहत होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास वेलास्को या उमराव घराण्यातील फ्रान्सिस्को आणि पेद्रो हे दोन कर्णबधिर भाऊ त्यांच्याकडे सोपवले गेले. बेनेडिक्टाइन मठांत मौनाचे नियम कडक असत आणि मौनाच्या वेळी मठवासी हातांच्या खुणांनी आपले व्यवहार चालवत. त्यामुळे हातांनी अर्थ सांगता येतो, ही गोष्ट त्या भिंतींच्या आत कोणाला नवलाची वाटत नव्हती.

पोन्से यांनी आपल्या पद्धतीचा ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचू दिला नाही, परंतु १५७८ सालच्या एका दस्तऐवजात त्यांनी आपल्या कामाची नोंद केली आहे. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या विद्यार्थ्यांना आपण बोलायला, वाचायला, लिहायला, हिशेब करायला, प्रार्थना म्हणायला आणि मिस्सामध्ये सेवा करायला शिकवले, असे ते त्यात सांगतात. त्यांना ओळखणाऱ्या फ्रान्सिस्को व्हायेस या वैद्याने त्यांच्या शिकवण्याचा क्रमही सांगून ठेवला आहे. ते आधी वस्तू दाखवत व तिचे नाव लिहून देत. लिहिलेला शब्द आणि वस्तू यांची सांगड बसली, की मग त्या शब्दाला तोंडाच्या कोणत्या हालचाली लागतात ते शिकवत. म्हणजे त्यांनी आधी भाषा दिली आणि नंतर उच्चार दिला. १५८४ साली पोन्से निवर्तले. त्यांच्या या क्रमाचे मर्म समजण्यास जगाला आणखी चार शतके लागणार होती.

पुढे जिनिव्हाचे बिशप संत फ्रान्सिस द सेल्स यांनी मार्टिन नावाच्या एका कर्णबधिर तरुणाला खुणांच्या साहाय्याने धर्मशिक्षण देऊन प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले. कर्णबधिरांचे आश्रयदाते संत म्हणून आज त्यांचे स्मरण केले जाते ते यामुळेच.

१६२० साली हुआन पाब्लो बोनेत या स्पॅनिश गृहस्थाने या विषयावरील पहिला छापील ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलाला अक्षराचे नाव शिकवू नका, अक्षराचा ध्वनी शिकवा, हे त्याचे मुख्य सूत्र होते. रोमन लिपीत अक्षराचे नाव एक आणि ध्वनी दुसराच असतो. त्यामुळे हे सूत्र युरोपात नवे वाटले. आपल्या पूर्वजांनी मात्र कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य अशी वर्णांची मांडणी उच्चारस्थानांवरून फार पूर्वीच केली होती. प्रातिशाख्ये व शिक्षाग्रंथ यांचा हा वारसा एकोणिसाव्या शतकात युरोपीय ध्वनिशास्त्राला मोलाचा वाटला. परंतु आपल्याकडे ही विद्या मंत्रोच्चार शुद्ध राहावा म्हणून जपली गेली. न बोलणाऱ्या मुलाच्या मदतीला ती धावून गेल्याचे दिसत नाही.

पॅरिसमधील दोन प्रयोग

अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे शार्ल-मिशेल द लेपे या धर्मगुरूंची दोन कर्णबधिर बहिणींशी गाठ पडली. त्यांना धर्मशिक्षण कसे द्यावे या विचारातून १७६० च्या सुमारास त्यांची शाळा उभी राहिली. पोन्से यांचे विद्यार्थी उमरावांचे पुत्र होते. द लेपे यांच्या शाळेत गरिबांची मुले विनामूल्य शिकू लागली. द लेपे यांनी मुलांच्या हातांतील खुणा पाहिल्या आणि ही यांची भाषाच आहे, असे मानून त्या खुणांच्याच वाटेने फ्रेंच शिकवायला सुरुवात केली. त्याच काळात जर्मनीत लाइपझिग येथे सॅम्युएल हाइनिके यांनी १७७८ साली शाळा काढली. उच्चारित शब्दावाचून विचारच संभवत नाही, असे त्यांचे मत होते. या दोघांत पत्रांतून वाद झाला, आणि तो वाद पुढे शंभर वर्षे धुमसत राहिला.

द लेपे १७८९ साली वारले. त्यांच्या संस्थेत १८०० साली झाँ इतार नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. त्याच वर्षाच्या जानेवारीत दक्षिण फ्रान्समधील आव्हेराँच्या रानात एकट्याने वाढलेला, सुमारे बारा वर्षांचा एक मुलगा लोकांच्या हाती लागला होता. तो बोलत नव्हता. पिस्तुलाचा बार झाला तरी तो मान वळवत नसे. परंतु मागे कोणी अक्रोड फोडला तर तत्काळ वळून पाही. त्याला ऐकू येत होते. फक्त माणसाच्या आवाजाला त्याच्या आयुष्यात काही अर्थ नव्हता. ‘ओ’ या स्वराकडे त्याचे लक्ष जाते असे पाहून इतारने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले.

इतारने या मुलावर पाच वर्षे मेहनत घेतली. त्यातील एक प्रसंग वाचोपचाराच्या इतिहासात फार मोलाचा आहे. व्हिक्टरला दूध आवडे. दुधाला फ्रेंच भाषेत ‘ले’ म्हणतात. इतारने दूध समोर ठेवावे, शब्द उच्चारावा आणि मुलाने तो उच्चारेपर्यंत दूध रोखून धरावे, असा प्रयोग चालला. मुलगा बोलेना. शेवटी कंटाळून दूध त्याच्या हाती दिले, तेव्हा ते मिळाल्याच्या आनंदात व्हिक्टरच्या तोंडून ‘ले’ हा शब्द बाहेर पडला. इतार निराश झाला. शब्द मागणीसाठी यावा अशी त्याची अपेक्षा होती. तो आला प्राप्तीनंतर, निव्वळ हर्षाचा उद्गार म्हणून. आज एखादा अनुभवी वाचोपचारक हा प्रसंग वाचील, तर तो निराश होणार नाही. आनंदाच्या क्षणी निघालेला शब्द हाच त्या मुलाच्या भाषेचा अंकुर होता, असे तो म्हणेल. आणि मूल बोलावे म्हणून खाऊ अडवून धरू नका, असे आईबापांना सांगेल.

व्हिक्टर लिहिलेले कितीतरी शब्द ओळखू लागला, पण बोलू शकला नाही. इतारने आपले निष्कर्ष मांडले आणि प्रयोग थांबवला. व्हिक्टरची देखभाल करणाऱ्या गेरँबाईंनी मात्र त्याला अंतर दिले नाही. १८२८ साली तो मरण पावला, तोवर तो त्यांच्याच घरी होता. भाषा शिकण्याला वयाचीही एक वेळ असते, ही जाणीव व्हिक्टरच्या कहाणीने अभ्यासकांच्या मनात पेरली.

मिलानचा ठराव

सप्टेंबर १८८० मध्ये इटलीतील मिलान शहरी कर्णबधिरांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. ६ ते ११ सप्टेंबर असे सहा दिवस ती चालली. प्रतिनिधी १६४ होते. त्यांत स्वतः कर्णबधिर असलेला केवळ एकच होता. अध्यक्षस्थानी ज्युलिओ तार्रा हे मिलानमधीलच धर्मगुरू होते. शब्द बुद्धीला आवाहन करतो, तर खुणा केवळ इंद्रियांना व कल्पनेला चेतवतात, अशी त्यांची धारणा होती. प्रचंड बहुमताने परिषदेने ठरवले, की कर्णबधिरांना शिकवताना मौखिक पद्धतच वापरावी. विरोधात मूठभर मते पडली.

या ठरावामागे दुष्टावा नव्हता. मूल बोलावे, समाजात मिसळावे, ही तळमळच त्यामागे होती. परंतु त्याचे परिणाम फार दूरवर गेले. युरोपातील शाळाशाळांतून खुणांवर बंदी आली, मुलांना हात आवरायला लावले गेले, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. मुले तासन्‌तास शिक्षकाच्या गळ्यावर हात ठेवून कंप अनुभवत आणि ओठांकडे पाहून शब्द ओळखण्याचा यत्न करीत. ही परीक्षा किती अवघड आहे, हे मराठी वाचकाने स्वतः करून पाहावे. आरशासमोर आवाज न करता ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे तीन शब्द उच्चारावेत. ओठ तिन्ही वेळा सारखेच हलतात. क, ख, ग तर घशाच्या आतच राहतात. ते ओठांवर दिसतच नाहीत.

काही मुले या पद्धतीने उत्तम बोलू लागली, हे मान्य केले पाहिजे. परंतु असंख्य मुलांचे भाषा शिकण्याचे वय मूठभर शब्दांच्या घोकंपट्टीत सरले. रूबेन कॉनरॅड यांनी ब्रिटनमधील कर्णबधिर शाळा सोडणाऱ्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांची पाहणी करून १९७९ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार त्या मुलांची वाचनक्षमता सरासरी नऊ वर्षांच्या मुलाइतकीच होती. जिभेच्या हट्टापायी भाषाच मागे पडली होती. त्याआधी १९६० साली विल्यम स्टोको यांनी अमेरिकेतील संकेतभाषा ही स्वतःचे व्याकरण असलेली परिपूर्ण भाषा आहे, हे दाखवून दिले होते. अखेर २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या अशाच आंतरराष्ट्रीय परिषदेने मिलानचे ठराव नाकारून त्यांबद्दल खेद व्यक्त केला. त्यासाठी एकशेतीस वर्षे जावी लागली.

मुंबईतील पाऊल

मिलानच्या परिषदेनंतर अवघ्या चार-पाच वर्षांत, १८८५ च्या सुमारास, मुंबईत कर्णबधिर मुलांसाठी शाळा निघाली. भारतातील अशा शाळांत ती पहिली मानली जाते. ती स्थापन केली बिशप लिओ म्यूरिन यांनी. म्यूरिन हे जर्मन जेझुइट. १८६७ पासून सुमारे दोन दशके मुंबईच्या कॅथोलिक समाजाची धुरा त्यांच्याकडे होती. शाळेचे पहिले प्रमुख टी. ए. वॉल्श हे होते. त्यानंतर १८९३ साली कलकत्त्यास आणि शतक संपता संपता दक्षिणेत पालयमकोट्टै येथे अशाच शाळा उघडल्या.

त्या काळी आपल्या समाजात न बोलणारे मूल म्हणजे पूर्वसंचिताचे फळ मानले जाई. ते शिकू शकते, हे शाळा काढून सिद्ध करणे ही त्या काळची मोठीच क्रांती होती. या शाळांचे ऋण मान्य करूनच पुढचे सांगितले पाहिजे. मिलानची छाया आपल्याकडेही पडली. विसाव्या शतकाचा बहुतांश काळ भारतातील कर्णबधिर शाळांचा कल मौखिक पद्धतीकडेच राहिला. भारतीय संकेतभाषेच्या संशोधन व प्रशिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र दिल्लीत स्थापन व्हायला २०१५ साल उजाडले.

आरसा आणि जीभ

आतापर्यंत आपण मुख्यतः ऐकू न येणाऱ्या मुलांचा विचार केला. परंतु ऐकू येत असूनही बोबडे बोलणारी, अडखळणारी किंवा मुळीच न बोलणारी मुले तितकीच आहेत. त्यांच्याकडे वैद्यकाचे लक्ष गेले ते विसाव्या शतकात. पहिल्या महायुद्धात मेंदूला इजा होऊन वाचा गेलेले सैनिक इस्पितळांत आले आणि वाचोपचाराला व्यवसायाचे रूप येऊ लागले. १९२४ साली व्हिएन्ना येथे एमिल फ्रोशेल्स यांच्या पुढाकाराने या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. १९२५ साली अमेरिकेत व १९४५ साली ब्रिटनमध्ये व्यावसायिकांच्या संस्था उभ्या राहिल्या.

भारतात १९६५ साली म्हैसूर येथे वाक्-श्रवण विद्येची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या नायर रुग्णालयात या विषयाचा पदवी अभ्यासक्रम निघाला. १९८३ मध्ये वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. आज महाराष्ट्रातील गावोगावच्या मुलांना जे वाचोपचारक भेटतात, त्यांच्यापैकी अनेकांच्या शिक्षणाचा उगम या संस्थांत आहे.

या व्यवसायाची सुरुवातही जिभेपासूनच झाली. अमेरिकेतील संस्थेच्या मूळ नावातच ‘वाचा सुधारणे’ असा शब्दप्रयोग होता. मूल शाळेत जाऊ लागले आणि ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणते, असे शिक्षकांना आढळले, की त्याला आरशासमोर बसवून जीभ कोठे टेकवायची ते दाखवले जाई. उच्चारदोषांसाठी हा उपाय आजही उपयोगी आहे. परंतु ज्या मुलाला वाक्यच जुळवता येत नाही, ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याला आरशाचा काय उपयोग? १९७३ साली रॉजर ब्राउन यांनी तीन लहान मुलांच्या बोलण्याच्या दीर्घ नोंदींवरून मूल भाषा कोणत्या पायऱ्यांनी शिकते ते मांडले. जीभ ही साखळीतील शेवटची कडी. तिच्याआधी ऐकणे, समजणे, सांगावेसे वाटणे आणि शब्द जुळवणे अशा अनेक कड्या असतात, हे आता स्पष्ट होऊ लागले. १९७८ साली अमेरिकेतील त्या संस्थेने आपल्या नावात ‘भाषा’ हा शब्द समाविष्ट केला. बदल एका शब्दाचा होता, पण त्यामागे चारशे वर्षांचा धडा होता. श्रवण, बुद्धी सर्व ठीक असूनही भाषा शिकणे जड जाणारी मुले शाळाप्रवेशाच्या वयात सुमारे ७ टक्के असतात, असे पुढे १९९७ साली अमेरिकेतील आयोवा राज्यातील पाहणीत दिसून आले. ही मुले वर्गात आळशी किंवा मठ्ठ म्हणून गणली जातात. त्यांच्या अडचणीला नावच मिळत नाही.

पाळण्यातील श्रोता

गेल्या अर्धशतकातील संशोधनाने याहून मोठा धक्का दिला. मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी भाषेचे काम सुरू झालेले असते, हे प्रयोगांनी सिद्ध झाले. १९७१ साली पीटर आइमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की एका महिन्याच्या बाळालाही ‘ब’ आणि ‘प’ यांतील फरक कळतो. १९८० साली असे दिसले, की जन्मून तीन दिवसही न झालेले अर्भक परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आईचा आवाज ऐकणे पसंत करते.

१९८४ सालचा एक प्रयोग तर आपल्या फार जवळचा आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले. प्रौढ इंग्रजी भाषकांना हा फरक ओळखणे कठीण जाते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना मात्र तो सहज कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. आपल्या घरात ज्या ध्वनींना अर्थ आहे ते ठेवावेत आणि बाकीचे सोडून द्यावेत, ही निवड बाळ पहिल्या वाढदिवसाच्या आतच करू लागते. ‘ताट’ हा शब्द मराठी मूल दीड वर्षाने उच्चारील. पण त्यातील दोन व्यंजने त्याच्या कानाने कितीतरी आधी आपलीशी केलेली असतात.

मग ज्या बाळाला ऐकूच येत नाही, त्याचे हे वर्ष रिते जाते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो व सहकाऱ्यांनी १५० कर्णबधिर मुलांचा अभ्यास करून १९९८ साली दाखवून दिले, की ज्यांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत लक्षात आले व लगेच मदत मिळाली, त्यांची भाषा उशिरा लक्षात आलेल्या मुलांहून स्पष्टपणे पुढे होती. त्यानंतर अनेक देशांत नियम रूढ झाला : पहिल्या महिन्यात श्रवणाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला प्रारंभ. श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट आणि संकेतभाषा यांपैकी कोणता मार्ग घ्यावा, याचा निर्णय कुटुंबाने तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा. पण तो उशिरा करू नये.

दुसरा धडा नात्याचा. १९७५ साली कॅनडात आयाला मॅनोल्सन या वाचोपचारिकेने उपचाराची दिशाच बदलली. मुलाला आठवड्यातून एकदा तज्ज्ञापुढे बसवण्याऐवजी तिने आईबापांनाच शिकवायला घेतले. कारण मुलाचा सारा दिवस त्यांच्यासोबत जातो. मूल ज्याकडे पाहते त्याविषयी बोला, त्याच्या हावभावालाही उत्तर द्या, आणि आपले बोलून झाल्यावर थांबा, म्हणजे त्याला त्याची पाळी मिळेल, असे त्या शिकवणुकीचे सार आहे. आपल्याकडील ‘बुवा-कुक्’चा खेळ, काऊ-चिऊच्या नावाने भरवलेला घास, टाळ्यांचे खेळ यांत हेच पाळीपाळीने देणेघेणे असते. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ सालच्या प्रयोगाने तर हेही दाखवले, की नऊ महिन्यांची अमेरिकन बाळे समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून चिनी भाषेचे ध्वनी शिकली; तेच बोलणे पडद्यावर दाखवले, तेव्हा मात्र काहीच शिकली नाहीत. आज बाळाच्या हाती मोबाइल देऊन ‘त्यातून शिकेल’ असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या अंगणात

इतका प्रवास सांगितल्यावर आपल्या घराकडे वळणे प्राप्त आहे. वसईच्या पट्ट्यात आणि मुंबईच्या उपनगरांत आपल्या घरांतून सामवेदी, वाडवळी, ईस्ट इंडियन अशा बोली नांदत आल्या. मूल उशिरा बोलू लागले, की ‘दोन भाषांमुळे त्याचा गोंधळ होतो’ असा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. मग घरची बोली बंद होते आणि आईबाप तोडक्यामोडक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागतात. कधी काळी पाश्चात्त्य तज्ज्ञही असेच मानत. परंतु १९६२ साली मॉन्ट्रिअलमधील एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांच्या अभ्यासाने या समजुतीला सुरुंग लावला, आणि पुढील संशोधनाने दाखवले, की दोन भाषांमुळे भाषादोष निर्माण होत नाही. डाउन सिंड्रोम असलेली मुलेही दोन भाषा शिकू शकतात, असे दिसून आले आहे. आईला ज्या बोलीत हसता येते, रागावता येते, अंगाई गाता येते, त्याच बोलीत ती मुलाला भरभरून बोलू शकते. ती बोली काढून घेतली, तर अबोल मुलाच्या वाट्याला आधीच कमी असलेले बोलणे आणखी कमी होते. मिलानच्या परिषदेने मुलांचे हात बांधले. सदिच्छेपोटीच आपण आज आजीआजोबांचे तोंड बांधत नाही ना, हे आपण तपासले पाहिजे.

सोयी आता पूर्वीइतक्या दुर्मीळ नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच झाला. अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांच्या तपासणीत ज्या व्याधी व व्यंगांचा शोध घ्यायचा असतो, त्यांत श्रवणदोष आणि भाषेची मंद वाढ यांचाही समावेश आहे. अर्थात घरातील डोळे आणि कान सर्वांत आधी सावध असले पाहिजेत. मागून हाक मारली तरी बाळ वळत नसेल, वर्षाचे झाले तरी ‘बाबाबा’, ‘दादादा’ असे बडबडत नसेल, बोटाने काही दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही त्याचे शब्द पन्नासाच्या आत असतील किंवा ‘आई ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नये. अशा मुलांपैकी बरीच पुढे आपोआप बोलू लागतात, हे खरे; पण कोणते मूल बोलू लागेल आणि कोणते मागे पडेल, हे घरबसल्या ओळखता येत नाही. म्हणून पहिली पायरी श्रवणचाचणीची असावी, मग ते मूल आपल्याला ‘सगळे ऐकते’ असे कितीही वाटो. व्हिक्टर अक्रोडाच्या आवाजाला वळत होता. दाराचा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातील बारीक ध्वनी ऐकू येत असतीलच असे नाही.

ओन्याच्या मठापासून मुंबईच्या शाळेपर्यंत आपल्या ख्रिस्तसभेतील अनेकांनी या मुलांसाठी दारे उघडली. त्यांच्या यशातून आणि मिलानच्या प्रमादातून आपण एवढे शिकावे, की मुलाला मिळायला हवी ती भाषा, लवकर मिळायला हवी, आणि ती त्याच्यावर प्रेम करणाऱ्या माणसांकडून मिळायला हवी. आजीने वेखंडाची सहाण बाजूला ठेवून नातवाला मांडीवर घ्यावे आणि घरच्या बोलीत त्याच्याशी गप्पा माराव्यात. आणि त्याच आठवड्यात आईबापांनी त्याला श्रवणतज्ज्ञाकडे न्यावे. ही दोन्ही कामे आज आपल्या हातात आहेत.